डिजिटल प्राण्याचे केशावरण : आहार्य की सात्त्विक?

सारांश

संगणकाच्या साहाय्याने घडविलेल्या प्राण्याच्या अंगावरील केस खरे का वाटतात, या प्रश्नाचे उत्तर बहुधा तंत्राच्या भाषेत दिले जाते. केसांची संख्या, यंत्राची गणनशक्ती आणि प्रकाशाचे गणित ही त्या उत्तराची परिचित अंगे आहेत. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न भरतप्रणीत अभिनयविचाराच्या आधारे तपासला आहे. 'मॉन्स्टर्स, इन्क.' (2001), 'लाइफ ऑफ पाय' (2012) आणि 'द लायन किंग' (2019) या तीन चित्रपटांची तुलना करता असे दिसते की, केशावरण जोपर्यंत केवळ वेषभूषेच्या पातळीवर राहते तोपर्यंत ते कितीही अचूक असले तरी निर्जीव ठरते. देहावर गुदरलेल्या प्रसंगाची साक्ष देऊ लागल्यावरच त्याला अभिनयाचे मोल प्राप्त होते.

बीजसंज्ञा : डिजिटल केशावरण, ॲनिमेशन, आहार्य अभिनय, सात्त्विक भाव, रोमांच, लोकधर्मी, नाट्यधर्मी.

प्रस्तावना

1933 साली प्रदर्शित झालेल्या 'किंग काँग' या अमेरिकी चित्रपटातील महाकाय वानर बहुतेक दृश्यांत प्रत्यक्षात एक लहानशी बाहुली होती. धातूच्या सांगाड्यावर घडविलेल्या तिच्या देहावर सशाचे केसाळ कातडे बसविलेले होते. विलिस ओब्रायन आणि त्यांचे सहकारी ही बाहुली प्रत्येक चौकटीसाठी हाताने किंचित हलवीत आणि मग छायाचित्र घेत. प्रत्येक वेळी बोटांच्या स्पर्शाने केस थोडे विस्कटत. परिणामी पडद्यावर काँगच्या अंगावरचे केस सतत सळसळताना दिसत. तांत्रिकदृष्ट्या हा उघड दोष होता. परंतु संतापलेल्या जनावराचे केस ताठ उभे राहिले आहेत, असा अर्थ काही पाहणाऱ्यांनी त्यातून काढला. कारागिराच्या बोटांचा ठसा हा पात्राचा क्रोध ठरला.

पुढे 2009 मध्ये वेस अँडरसन यांनी 'फँटास्टिक मिस्टर फॉक्स' या बाहुलीपटात ही सळसळ हेतुपुरस्सर राखली. तोपर्यंत संगणकीय चित्रपटांनी प्रत्येक केस काबूत ठेवण्याचे सामर्थ्य मिळविले होते. ज्या काळात दोष टाळणे शक्य झाले त्याच काळात एका दिग्दर्शकाला तो दोष हवासा वाटावा, ही बाब विचार करण्याजोगी आहे. प्राण्याच्या अंगावरील केसांकडून, ज्यांना या व्यवसायात सरसकट 'फर' म्हटले जाते, प्रेक्षकाची नेमकी अपेक्षा कोणती असते? त्याला केस मोजायचे असतात की त्या केसांखाली कोणी जिवंत आहे याची खात्री करून घ्यायची असते? प्रस्तुत विवेचनाचा रोख या प्रश्नाकडे आहे.

आहार्य, संजीव आणि रोमांच

नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी आहार्य म्हणजे बाहेरून आणून चढविलेला अभिनय. वेषभूषा, रंगभूषा आणि रंगसाहित्य यांचा त्यात समावेश होतो. भरताने आहार्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार पोटभेद केले आहेत. यांतील 'संजीव' या भेदाचा संबंध रंगभूमीवरील प्राण्यांच्या प्रवेशाशी आहे. म्हणजे रंगमंचावरचा प्राणी शास्त्रकाराने नेपथ्याच्या दालनात ठेवला आहे. कातडे, कापड, बांबू यांनी घडविलेल्या प्राण्याच्या बाबतीत ही व्यवस्था स्वाभाविकच म्हटली पाहिजे.

दुसरीकडे स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव मानले गेले. हात उचलणे, मान वळविणे या क्रिया अभ्यासाने साधतात. अंगावर काटा मात्र इच्छेनुसार आणता येत नाही. तो मनाच्या एकाग्रतेतून उद्भवतो, म्हणूनच तो सात्त्विक होय. विशेष म्हणजे चार्ल्स डार्विन यांनीही 1872 च्या 'द एक्स्प्रेशन ऑफ द इमोशन्स इन मॅन अँड ॲनिमल्स' या ग्रंथात भीती व क्रोध यांच्या आवेगात प्राण्यांचे केस उभे राहण्याची विस्तृत चर्चा केली आहे आणि ही क्रिया इच्छेच्या अधीन नसल्याचे नोंदविले आहे. नाट्यशास्त्र आणि जीवशास्त्र या दोन दूरच्या परंपरा येथे एका मुद्द्यावर एकत्र येतात. केस खोटे बोलत नाहीत, असा तो मुद्दा.

डिजिटल केशावरणाच्या समीक्षेसाठी या विचारातून एक उपयुक्त कसोटी हाती येते. देहावर आच्छादन म्हणून जे केस चढविले जातात ते आहार्य होत. देहाने जे सोसले वा अनुभविले त्याची नोंद पात्राने मुद्दाम न 'दाखविता' जे केस करतात ते सात्त्विक होत. संगणकाला मन नसते, हा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो योग्यच आहे. येथील सत्त्व यंत्राचे नव्हे, ते घडविणाऱ्याच्या निरीक्षणाचे आहे. त्याची प्रचीती प्रेक्षकाच्या ठायी येते, इतकाच या संज्ञेचा प्रस्तुत संदर्भातील अर्थ आहे.

विंचरण्याचे शास्त्र

कसोटी लावण्यापूर्वी प्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. लक्षावधी केस एकेक करून कोणी रेखाटत नाही. प्राण्याच्या संगणकीय त्वचेवर मोजके मार्गदर्शक केस बसविले जातात. त्यांची लांबी, कल आणि बाक ठरविला की मधल्या जागेतील असंख्य केस गणिताने भरले जातात. यानंतर सुरू होते ते 'ग्रूमिंग', म्हणजे शब्दशः विंचरणे. कोठे केस दाट, कोठे विरळ. कोठे ते एकत्र येऊन झुपके होतात, कोठे सुटे राहतात. नाकाच्या शेंड्यापासून कपाळाकडे जाताना ते कोणत्या दिशेने वळतात, हे सारे कलावंताला ठरवावे लागते. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या अंगावर किमान दोन थर असतात. वर राठ, लांब केस आणि आत मऊ, दाट लव. हे दोन थर वेगळे राखले नाहीत तर प्राणी खेळण्यातल्या मखमली अस्वलासारखा दिसतो.

हे ज्ञान संगणकापूर्वीचे आहे. बैलबाजारात खोंड निवडताना त्याच्या कपाळावरचे आणि पाठीवरचे भोवरे निरखणारा शेतकरी त्यांवरून शुभाशुभ ठरवितो. त्याचा हा समज बाजूला ठेवला तरी केस कोठे दिशा बदलतात हे त्याच्या नजरेला अचूक ठाऊक असते. ग्रूमिंग करणाऱ्या कलावंताला नेमकी हीच नजर लागते. भोवरा चुकला की केस त्वचेतून उगवल्यासारखे न दिसता वरून चिकटविल्यासारखे दिसतात.

केसांवर पडणाऱ्या प्रकाशाचे गणित हा या प्रक्रियेचा दुसरा कठीण भाग. 1989 मध्ये जेम्स काजिया आणि टिमोथी के यांनी केसाळ पृष्ठभाग रंगविण्याची एक पद्धत मांडली. त्यांनी दाखविलेले उदाहरण खेळण्यातल्या अस्वलाचे होते. 2003 मध्ये स्टीफन मार्शनर आणि सहकाऱ्यांनी मानवी केसातून प्रकाशाचा प्रवास कसा होतो याचे सूक्ष्म विवरण केले. काही प्रकाश केसाच्या पृष्ठभागावरून परततो, काही आरपार जातो आणि काही आत शिरून पलीकडच्या बाजूवर आपटून रंग घेऊन बाहेर येतो. 2015 मध्ये लिंग-ची यान आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या केसांचा वेगळा विचार केला. मानवी केसाच्या मानाने प्राण्याच्या केसाचा मधला गाभा बराच मोठा असतो. त्यात प्रकाश विखुरतो आणि त्यामुळे प्राण्याचे अंग मऊ, उजळ भासते. ही सर्व प्रगती निःसंशय महत्त्वाची आहे. तथापि यानंतरच्या विवेचनात वर्षांचा क्रम ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल.

सुली : अस्तित्वात नसलेल्या प्राण्याचे सत्य

पिक्सार निर्मित आणि पीट डॉक्टर दिग्दर्शित 'मॉन्स्टर्स, इन्क.' मधील जेम्स पी. सुलिव्हन ऊर्फ सुली हा निळ्या-जांभळ्या केसांचा धिप्पाड राक्षस आहे. त्याच्या अंगावर 23 लाखांहून अधिक केस होते आणि त्याच्या एकेका चौकटीच्या अंतिम चित्रणास संगणकाला सरासरी 11 ते 12 तास लागत, असे सांगितले जाते. पडद्यावरच्या एका सेकंदास 24 चौकटी लागतात, हे लक्षात घेता या कामाचा व्याप कळतो. केसांची हालचाल ॲनिमेटरने हाताने करणे अशक्य असल्याने भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार ती काढणारी 'फिझ्ट' ही स्वतंत्र आज्ञावली वापरण्यात आली. केसांनी एकमेकांवर टाकलेल्या सावल्यांवाचून अंगाला खोली येत नाही. टॉम लोकोविक आणि एरिक वीच यांनी पिक्सारमध्ये विकसित करून 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला होता.

समीक्षेच्या दृष्टीने सुलीचे महत्त्व निराळे आहे. निसर्गात त्याचा नमुना नाही. निळे केस असलेला, शिंगे असलेला, दोन पायांवर चालणारा असा प्राणी कोणी पाहिलेला नाही. तरीही त्याच्या केसांबद्दल प्रेक्षकाला शंका येत नाही. हिमालयात हद्दपार झाल्यावर घसरगाडी कोसळून सुली बर्फात आडवा पडतो, तो प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. वारा केसांना एका दिशेने लोटतो, हिमाचे कण त्यांत अडकतात, आणि काही क्षण पात्र काहीच करीत नाही. त्याचा पराभव, थंडी आणि एकाकीपण केसच सांगतात. ज्या देहाचे ओझे, उंची आणि मार्दव कथेत प्रस्थापित झाले आहे त्याच देहावर वाऱ्याचा परिणाम होत असल्याने केसांना आधार मिळतो. बू ही चिमुकली मुलगी सुलीला बिलगते तेव्हाही हेच घडते.

2013 च्या 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी' मध्ये सुलीच्या केसांची संख्या सुमारे 55 लाखांवर गेली. संख्येचा निकष ग्राह्य धरला तर हा सुली पहिल्याच्या दुपटीहून अधिक खरा वाटावयास हवा होता. तसे झाले नाही. पहिल्या चित्रपटातील सुली आजही उणा वाटत नाही. यावरून संख्या ही विश्वासार्हतेची पूर्वअट असेल, परंतु तिचे माप नव्हे, असे म्हणता येते.

रिचर्ड पार्कर : कथेचा भार पेलणारे केस

यान मार्टेल यांच्या 2001 च्या कादंबरीवर आधारित आणि आंग ली दिग्दर्शित 'लाइफ ऑफ पाय' मध्ये केशावरणाचा प्रश्न कथेच्या मर्मस्थानी येऊन बसतो. पाँडिचेरीचा पाय पटेल जहाज बुडाल्यावर रिचर्ड पार्कर नावाच्या बंगाली वाघासह एका नौकेत 227 दिवस काढतो. काही दृश्यांत प्रशिक्षित खरे वाघ वापरले असले तरी बहुतांश ठिकाणी वाघ संगणकीय होता. 'ऱ्हिदम अँड ह्यूज' या संस्थेने तो घडविला आणि त्याच्या अंगावर सुमारे एक कोटी केस असल्याचे सांगितले गेले. प्राण्यांच्या केसाच्या गाभ्याचा विचार करणारे संशोधन प्रसिद्ध होण्यास तेव्हा तीन वर्षे अवकाश होता. तरीही खरा वाघ कोठे संपतो आणि संगणकीय वाघ कोठे सुरू होतो, हे प्रेक्षकाला सहसा ओळखता येत नाही.

या यशाचे कारण निरीक्षणात शोधावे लागते. समुद्रात उतरलेला वाघ नौकेच्या कडेला पंजे रोवून लटकतो आणि पाय हाती कुऱ्हाड घेऊन वर उभा असतो, तो प्रसंग पाहावा. ओले केस झुपक्यांनी एकत्र येतात, रंग गडद होतो, चेहऱ्याचा भरगच्च घेर ओसरून कवटीचा आकार उघडा पडतो. कोरडा असताना राजबिंडा दिसणारा हा प्राणी भिजल्यावर दीनवाणा होतो. वाघ याचनेचा आविर्भाव करीत नाही. त्याचा चेहरा वाघाचाच राहतो. पायचा हात थांबतो तो त्या भिजलेल्या देहामुळे. आणखी पुढे, उपासमारीने दोघेही मरणाच्या दारी पोहोचल्यावर पाय वाघाचे डोके मांडीवर घेतो. हाडे वर आलेल्या, निस्तेज केसांच्या त्या मस्तकावरून त्याचा हात फिरतो. चित्रीकरणाच्या वेळी त्या मांडीवर वाघ नव्हता. तरीही तळव्याखाली केस दबताना दिसतात आणि त्या दबण्यात सहवासाचे सारे दिवस साठलेले असतात. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत, वैवर्ण्य आणि स्तंभ हे भाव येथे केशावरणातून प्रकट झाले आहेत.

कथेच्या शेवटी पाय दुसरी हकिकत सांगतो. तिच्यात वाघ नाही. वाघाच्या जागी पाय स्वतःच आहे. यांपैकी कोणती कथा पसंत आहे, हा प्रश्न श्रोत्यापुढे ठेवला जातो. वाघ जर क्षणभरही कृत्रिम वाटला असता तर या प्रश्नाला काही अर्थ उरला नसता. प्रेक्षकाने दुसरी कथा निमूटपणे स्वीकारली असती, कारण पहिली त्याने मनोमन नाकारलेलीच असती. ज्याच्या ओल्या केसांवर विश्वास ठेवला तो वाघ कदाचित नव्हताच, हा धक्का बसण्यासाठी आधी तो विश्वास संपूर्ण असावा लागतो. येथे केशावरणाची सत्यता ही सजावट नाही. ती चित्रपटाच्या तात्त्विक प्रश्नाची अट आहे.

सिंहाचा चेहरा आणि माणसाचा आवाज

जॉन फाव्हरो दिग्दर्शित 'द लायन किंग' (2019) तंत्राच्या दृष्टीने या सर्वांच्या पुढे आहे. आरंभीच्या सूर्योदयाचे एक दृश्य वगळता संपूर्ण चित्रपट संगणकीय आहे. आयाळीचा प्रत्येक पदर, उन्हात उजळणारी लव, धुळीने माखलेले पाय पाहून थक्क व्हावे अशी ही कारागिरी आहे. तरीही 1994 च्या हस्तरेखित चित्रपटाने जे हेलावून टाकले ते येथे घडत नाही, अशी तक्रार अनेक समीक्षकांनी केली.

या तक्रारीचे मूळ अभिनयाच्या चार अंगांतील विसंगतीत दिसते. आहार्य परिपूर्ण आहे. आंगिक अभिनय खऱ्या सिंहाच्या मर्यादेत बांधलेला आहे. वाचिक मात्र पूर्णतः मानवी आहे. मुफासाच्या मृत देहापाशी छावा रडतो तेव्हा आवाजात शोक असतो आणि चेहऱ्यावर सिंहाची नैसर्गिक तटस्थता असते. 1994 चा चित्रपट नाट्यधर्मी होता. त्यातील सिंहांना भुवया होत्या आणि त्या बोलक्या होत्या. 2019 च्या चित्रपटाने देह लोकधर्मी केला आणि कथा, संवाद, गीते नाट्यधर्मीच ठेवली. रिचर्ड पार्कर बोलत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत ही फट पडत नाही. त्याच दिग्दर्शकाच्या 'द जंगल बुक' (2016) मध्ये प्राणी बोलतात, परंतु तेथे मोगलीचा खरा हात त्यांच्या अंगाला लागतो आणि तो स्पर्श प्रेक्षकाच्या वतीने साक्ष देतो. 'द लायन किंग' मध्ये असा साक्षीदार नाही.

तथापि हा चित्रपट केशावरणाच्या संदर्भात सर्वस्वी निष्फळ ठरला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्कारची विरळ, विस्कटलेली आयाळ त्याच्या हीनत्वाची आणि असूयेची खूण म्हणून प्रभावी आहे. सिंबाच्या आयाळीतील केसांचा झुपका वाऱ्यावर उडून अनेक प्राण्यांच्या मार्गे अखेर राफिकीच्या हाती पडतो, तो दीर्घ प्रसंगही बोलका आहे. सिंबा जिवंत असल्याची वार्ता तो झुपका आणतो. येथे केस अक्षरशः साक्षीदार होतात. देहापासून तुटलेला एक झुपका जे साधतो ते संपूर्ण आयाळीने मढलेल्या चेहऱ्याला साधत नाही, हा विरोधाभास पुरेसा सूचक आहे.

याच वर्षीच्या टॉम हूपर दिग्दर्शित 'कॅट्स' मध्ये ही विसंगती टोकाला गेली. मानवी नटांच्या देहावर संगणकाने मांजरीचे केस चढविले गेले. चेहरे आणि हात मानवीच राहिले. प्रदर्शनानंतर काही दिवसांतच दृश्यपरिणाम सुधारलेली आवृत्ती चित्रपटगृहांकडे पाठविण्यात आली. केस सुधारता आले. त्या केसांखाली कोणता देह आहे, हा प्रश्न सुधारण्यापलीकडचा होता.

केस विंचरणारे हात

काँगच्या केसांवर कारागिराच्या बोटांचे ठसे उमटले होते. डिजिटल केसांवरून ते पुसले जातात, आणि बोटांचे धनीही विस्मृतीत जातात. 'ऱ्हिदम अँड ह्यूज' ने फेब्रुवारी 2013 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. 24 फेब्रुवारी रोजी 'लाइफ ऑफ पाय' ला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. समारंभस्थळाबाहेर या क्षेत्रातील कामगार निदर्शने करीत होते. आत पर्यवेक्षक बिल वेस्टनहोफर संस्थेच्या आर्थिक संकटाचा उल्लेख करू लागताच संगीत वाजवून त्यांचे भाषण आवरते घेण्यात आले. या संस्थेच्या शाखा मुंबई आणि हैदराबाद येथेही होत्या, त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. 'द लायन किंग' चे काम करणाऱ्या 'एमपीसी' ची बंगळूरु येथे मोठी शाखा होती. तिचा मूळ समूह टेक्निकलर फेब्रुवारी 2025 मध्ये कोसळला. सर्वाधिक वाखाणलेले केशावरण ज्यांनी घडविले त्यांच्या संस्था टिकू शकल्या नाहीत, हे वास्तव सौंदर्यविचाराने दृष्टीआड करू नये.

भारतीय निर्मितीतही प्राणी नायक झाले आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरील कुत्र्यांची कथा सांगणारा 'रोडसाइड रोमिओ' (2008) आणि पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने साकारलेला 'दिल्ली सफारी' (2012) या दोन्ही चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले. दोहोंची शैली व्यंगचित्राकडे झुकणारी आहे. ही उणीव मानण्याचे कारण नाही. नाट्यधर्मी शैली प्रामाणिकपणे स्वीकारणे हे अपुऱ्या साधनांनी लोकधर्मीचा आव आणण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर होय.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, केसांची संख्या आणि प्रकाशाचे गणित आहार्याची पूर्तता करतात. सात्त्विकाची निर्मिती त्यांच्या आवाक्याबाहेरची आहे. दुसरी, केशावरण खरे ठरते ते पाणी, वारा, भूक आणि स्पर्श यांचा परिणाम स्वीकारून. जे केस कशानेच बदलत नाहीत ते कोणाचेच नसतात. तिसरी, लोकधर्मी देह आणि नाट्यधर्मी वाणी यांचा मेळ घालण्याचे काम तंत्रावर सोपवता येत नाही; तो दिग्दर्शकाचा निर्णय असतो.

महाविद्यालयांतून ॲनिमेशनचे अभ्यासक्रम चालविताना या गोष्टींचा विचार व्हावयास हवा. आज्ञावल्या काही वर्षांत बदलतात आणि शिकविलेली कळ निरुपयोगी होते. भिजलेल्या मांजराचे अंग का आक्रसते, शेळीच्या मानेवर केस कोठे दिशा बदलतात, भेदरलेल्या कुत्र्याच्या पाठीवरचा पट्टा कसा उभा राहतो, हे पाहण्याची सवय मात्र टिकून राहते. ती सवय प्राणिशास्त्राच्या, भौतिकशास्त्राच्या, नाट्यशास्त्राच्या आणि चित्रकलेच्या अध्यापकांनी एकत्र येऊनच लावता येईल. काँगच्या अंगावर विस्कटलेले ते केस नव्वद वर्षांनंतरही लक्षात राहतात, कारण त्यांना कोणाचा तरी हात लागला होता. डिजिटल प्राण्याच्या केसांनाही असा हात लागलेला असावा, आणि तो कोणाचा होता हे विसरले जाऊ नये.